टीचा ऑफसेट ३२ का ठेवला

आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमधे काम म्हणजे बहुतेक लूमचे स्पेअर, बुश, गिअर, ब्रॅकेट असलंच. त्यामुळं एक पोरगं रेसच्या मोटरसायकलच्या टीचं ड्रॉइंग घेऊन आलं तेव्हा मी मशीनवरचा जॉब संपवला आणि सगळं सोडून तेच बघत बसलो. टी म्हणजे हँडलखालच्या त्या वरच्या-खालच्या दोन प्लेटी, ज्यात पुढचे शॉकअप पकडलेले असतात. हँडल ज्या मधल्या दांड्यावर फिरतं त्या स्टेमच्या सेंटरपासून शॉकअपचे सेंटर जितके पुढं तो ऑफसेट. त्याच्या गाडीला ४० एमएम होता, त्याला ४५ करून पाहिजे होता. का, तर "मामा, गाडी वळायला फास्ट पाहिजे, आणि चेन्नईच्या ट्रॅकवर स्ट्रेट संपून ब्रेक मारला की हँडल थरथर करालंय, तेपण जाईल की."

म्हणलं थांब, ह्या दोन्ही गोष्टी एका टीत कशा बसतील? ऑफसेट वाढवला की ट्रेल कमी होतो, वाढत नाही, आणि हे बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं. चाक पुढं गेलं म्हणजे गाडी जास्त स्थिर असं वाटतं, पण तसं नसतं. स्टेमची रेष जमिनीला जिथं लागते त्याच्या मागं टायर किती अंतरावर टेकतो ते अंतर म्हणजे ट्रेल, आणि तेच चाकाला सरळ धरून ठेवतं. त्याला आमच्या लूमच्या बीमच्या ट्रॉलीचं फिरतं चाक दाखवलं, खिळीच्या मागं ओढत येतं म्हणून सरळ चालतं बघ. मग पटलं त्याला.

मग मोजायला घेतली. आधी कोनसेट म्हणजे स्टेमचे बेअरिंग, चाकाचं अलाइनमेंट, टायरची हवा सगळं चेक केलं, कारण थरथर ह्यातनंपण येते आणि उगाच टी बदलून काय उपयोग. ते ठीक होतं. मग त्याला रेसचा सूट-हेल्मेट घालून गाडीवर बसवलं, दोघांनी सरळ धरली, आणि ओळंबा, अँगल गेज लावून मापं घेतली. पुढच्या चाकाची टेकलेली त्रिज्या २९३ एमएम, रेक म्हणजे स्टेम उभ्या रेषेपासून जेवढा कललाय तो कोन साडेतेवीस अंश. कंपनीचा रेक २५ होता! विचारलं तर म्हणाला शॉकअप टीतनं १४ एमएम वर सरकवलेत आणि मागून गाडी २० एमएम उचललीय. सगळा घोळ इथंच होता. दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, तेराशे एमएम, त्याला ३४ एमएम म्हणजे दीड अंश.

हिशोब सोपाय, त्रिज्या गुणिले रेकचा साइन, त्यातनं ऑफसेट वजा, आणि येईल त्याला कॉसनं भागायचं. २५ अंश आणि ४० ला ट्रेल साडेब्याण्णव येतो. साडेतेवीस आणि ४० ला ८४. म्हणजे पोरानं गाडी फास्ट करता करता साडेआठ एमएम ट्रेल घालवलेला होता, आणि ४५ ची टी लावली असती तर ७८ वर आला असता. त्यात ब्रेकमधे शॉकअप ६० एमएम बसला की रेक अजून अडीच अंशानं कमी, मग ट्रेल ६५ च्या आत जातो, आणि ते नेमकं कॉर्नरच्या तोंडाशी, जिथं हातात गाडी सगळ्यात घट्ट पाहिजे. पोराचा जीव आहे त्या दोन प्लेटींवर, मला ते सोडवेना.

मग उलटं गणित केलं. रेक तसाच ठेवायचा, कारण गाडी पटकन वळते ती त्याला आवडत होती, फक्त ट्रेल परत आणायचा. ३२ ऑफसेटला बरोबर साडेब्याण्णव. कागदावर लिहून दाखवलं, बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला "करा मामा."

३२ केलं की चाक मागं येतं, जवळपास ७ एमएम, आणि पुढची बाजू ३ एमएम उचलली जाते, म्हणून शॉकअप अजून तेवढा वर सरकवावा लागतो नाहीतर रेक बदलला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शॉकअप पूर्ण बसल्यावर टायर रेडिएटरला लागतो का. आम्ही स्प्रिंग काढून गाडी पूर्ण खाली दाबली आणि बघितली, जागा होती. हँडल दोन्ही बाजूला शेवटपर्यंत फिरवून टाकीला लागत नाही हेपण बघितलं. हे न बघता टी बसवून मी गाडी परत देत नाही.

मटेरियल ७०७५ ग्रेडचं अॅल्युमिनियम, पुण्याहून प्लेट मागवली. वरची आणि खालची एकाच सेटअपला बोअर केल्या, कारण दोन्हीचा ऑफसेट जराही वेगळा झाला तर शॉकअप स्टेमला समांतर राहत नाहीत. बोल्ट टॉर्क रेंचनंच आवळायला लावले, हातानं मरेस्तोवर आवळले की नळी अंडाकृती दबते आणि शॉकअप अडकतो.

चेन्नईहून फोन आला, ब्रेकमधली थरथर गेली. पण हळू कॉर्नरला हँडल जड वाटालंय म्हणाला. होणारच, ट्रेल वाढला की जड होतं. ३४ केला तर ट्रेल ९० वर येईल आणि हात थोडा हलका होईल. दरवेळी नवी प्लेट कापण्यापेक्षा स्टेमच्या जागी एक्सेंट्रिक बुश, म्हणजे भोक मधोमध नसलेला बुश, टाकून आणि तो बदलून ऑफसेट ३० ते ३६ पर्यंत कमीजास्त करता येईल अशी टी काढालोय आता, मोठ्या रेस टीमांत असलेच बदलते इन्सर्ट वापरतात. बुशला लॉक पिन कुठं द्यायची एवढंच ठरायचंय, वरचा-खालचा बुश एकाच अंशावर बसला पाहिजे.