हललीस का?

भागीदारी रंगली की जो जिथे असेल त्याने तिथून हलायचं नाही, हा आमच्या घरचा जुना कायदा. मामांनी एकदा शेवटच्या दहा ओव्हर दारातच, एक चप्पल पायात नि एक हातात, अशा पाहिल्या होत्या. टेनिसला हा कायदा लागू झाला तो पहिल्यांदा, ९ जुलै २००१ ला. क्रोएशियाच्या गोरान इव्हानिसेविचसाठी.

बाबांना ते आडनाव कधी जमलं नाही. ते नुसतं ‘आपला डावखुरा’ म्हणत. आपला का, तर तो हरायचा. विम्बल्डनची १९९२ ची फायनल अगासीशी हरला, १९९४ ची सॅम्प्रसशी, १९९८ ची परत सॅम्प्रसशी. ९२ साली तर स्पर्धेत दोनशेच्या वर एस, म्हणजे समोरच्याची रॅकेटही न लागणाऱ्या सर्व्हिस, मारले आणि कप नेला दुसऱ्याने. सर्व्हिस तोफेसारखी, डोकंही तसंच. २००० साली ब्रायटनला रागाच्या भरात रॅकेटी आपटत सुटला आणि शेवटची मोडल्यावर खेळायला रॅकेटच उरली नाही म्हणून सामना सोडावा लागला. असा माणूस आमच्या घरात सहज खपला असता.

२००१ साली हा १२५ व्या नंबरवर, खांदा दुखरा. विम्बल्डनने जुन्या ओळखीला जागून वाइल्ड कार्ड, म्हणजे नंबर नसतानाही थेट प्रवेश, दिलं, लग्नात ‘अगत्य येण्याचे करावे’ म्हणतो तसं. तो आला आणि हरेचना. रोज सकाळी टीव्हीवर लहान मुलांचं टेलिटबीज बघायचं, रात्री त्याच हॉटेलात, त्याच टेबलावर जेवायचं, असं त्याचं व्रत चाललंय हे पेपरात वाचलं आणि बाबांनी त्याला घरचाच धरला.

सेमीफायनलला इंग्लंडच्या हेनमनने तिसरा सेट ६-० असा धुतला. मग पाऊस. शुक्रवारी सुरू झालेली मॅच रविवारी संपली आणि गोरान जिंकला. पाऊस देवानेच धाडला, असं त्याचं म्हणणं. आजीला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे लगेच पटलं.

त्यामुळे फायनल सोमवारवर गेली. समोर ऑस्ट्रेलियाचा राफ्टर. पाचवा सेट ऐन दिवेलागणीला आला. आई काडेपेटी घेऊन देवाकडे निघाली होती, तेवढ्यात ८-७ झाले, सर्व्हिस गोरानची. “तिथेच थांब!” बाबा ओरडले. आई काडेपेटीसकट दारात.

मॅच पॉइंट, हा गुण घेतला की कप त्याचा. डबल फॉल्ट, दोन्ही सर्व्हिस चुकल्या. दुसरा मॅच पॉइंट. परत डबल फॉल्ट. बाबांनी आईकडे वळून पाहिलं.

“हललीस का?”

“श्वास घेतला,” आई म्हणाली.

तिसरा राफ्टरने डोक्यावरून उंच लॉब टाकून वाचवला. चौथ्याला गोरानची पहिली सर्व्हिस गेली, दुसरी त्याने जपून टाकली आणि राफ्टरचा रिटर्न नेटमध्ये. ९-७. तो कोर्टवर पालथा पडला, मग प्रेक्षकांतून चढत वडिलांपर्यंत गेला. आमच्याकडे दिवा उशिरा लागला, देवांनी मनावर घेतलं नाही.

नंतर त्याने एकही स्पर्धा जिंकली नाही. २००४ ला विम्बल्डनलाच थांबला. पुढे काही वर्षं जोकोविचचा कोच म्हणून बॉक्समध्ये दिसायचा, पांढरी दाढी, आवळलेला जबडा, हातात रॅकेट नाही. जोकोविच अडचणीत आला आणि मी चहा ठेवायला उठलो, की बाबा पडद्याकडे बोट दाखवत.

“बघ, तो उठलाय का?”