अपडेट उतरतं, पण बसत नाही : माझा अनुभव

माझ्या अँड्रॉइड फोनचं सिस्टिम अपडेट पूर्ण डाउनलोड झालं, इन्स्टॉल सुरू झालं आणि ‘इन्स्टॉल करता आलं नाही’ असं दाखवून थांबलं. पुन्हा उतरवलं तरी तेच. फाईलच अर्धवट आली असावी असं आधी वाटतं. पण तसं असतं तर दुसऱ्यांदा उतरवल्यावर काम झालं असतं. माझ्या बाबतीत कारण होतं रूट, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवण्यासाठी फोनमध्ये केलेला बदल.

नेहमीच्या ओटीएमध्ये (थेट इंटरनेटवरून फोनवर येणाऱ्या अपडेटमध्ये) अख्खी सिस्टिम येत नाही, जुन्या-नव्या आवृत्तीतला फरक तेवढा येतो. तो लावण्याआधी फोन जुन्या ब्लॉकांचे (साठवणीतल्या तुकड्यांचे) हॅश, म्हणजे त्यांतल्या डेटावरून काढलेले ओळख-आकडे, ताडून पाहतो. रूट करताना मी बूट इमेज (सिस्टिमचा फोन सुरू होताना लागणारा भाग) बदलली होती, त्यामुळे हॅश जुळेना. फोन मात्र नीट चालत होता, कारण अँड्रॉइड ७ (२०१६) पासून आलेल्या ए/बी पद्धतीत सिस्टिमसाठी दोन जागा (स्लॉट) असतात आणि अपडेट वापरात नसलेल्या स्लॉटवर लिहिलं जातं. चालू स्लॉटला हात लागत नाही. नवा स्लॉट बूट झालाच नाही, तर ठरावीक प्रयत्नांनंतर बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) जुन्याकडे परततो. मला ही रचना फार मोलाची वाटते.

उपाय म्हणजे पूर्ण ओटीए पॅकेज. ते बरंच मोठं असतं, पण जुने ब्लॉक तपासतच नाही. माझ्या मॉडेलचं पॅकेज कंपनीच्या साइटवरून घेतलं आणि फाईलचा एसएचए-२५६ हॅश तिथल्या आकड्याशी जुळवला. हे टाळू नका. बॅकअप घेतला, बॅटरी भरली, यूएसबी डीबगिंग (संगणकाला केबलमधून फोनला आज्ञा देऊ देणारी सोय) चालू केलं आणि संगणकावरच्या एडीबी या साधनातून ‘एडीबी रीबूट रिकव्हरी’ ही आज्ञा दिली; तिने फोन रिकव्हरी या दुरुस्तीच्या मेनूत सुरू होतो. पडद्यावर ‘नो कमांड’ दिसलं, तर माझ्या फोनवर पॉवर दाबून धरून व्हॉल्यूम अप एकदा दाबलं की मेनू येतो. त्यात ‘अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी’ निवडलं, ‘एडीबी डिव्हायसेस’ने फोनपुढे ‘साइडलोड’ दिसतंय याची खात्री केली, मग ‘एडीबी साइडलोड’ (संगणकावरून पॅकेज बसवण्याची आज्ञा) आणि फाईलचं नाव दिलं.

इथे बरेच जण घाबरतात: संगणकावरचा आकडा ४७ टक्क्यांवर अडकून आज्ञा संपू शकते. केबल लगेच उपसू नका, फोनच्या पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. काही वेळा काम यशस्वी झालेलं असतं. फोनवरच्या सध्याच्या बिल्डपेक्षा (आवृत्तीपेक्षा) जुनं पॅकेज दिलं, तर रिकव्हरी ते नाकारते.

पूर्ण पॅकेजमध्ये मूळ बूट इमेज येते, म्हणून रूट जातं, डेटा राहतो. रूटसाठी अनलॉक केलेला बूटलोडर लगेच लॉक करायला जाऊ नका. लॉक करताना डेटा पुसला जातो, आणि एखादं विभाजन (साठवणीचा भाग) बदललेलं राहिलं असेल तर फोन सुरूच होत नाही.

अँड्रॉइड ११ पासूनच्या व्हर्च्युअल ए/बी (ए/बीचाच नवा प्रकार) असलेल्या फोनवर आणखी एक गोष्ट. तिथे बदल आधी स्नॅपशॉटमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठतात, त्याला मोकळी जागा लागते, आणि रीबूटनंतर ते मागच्या मागे मूळ जागी विलीन होतात. ते संपेपर्यंत पुढचं अपडेट बसत नाही.