किल्लारीकडून आलेला टेम्पो

आज शाळेत टेम्पो आला, किल्लारीजवळच्या एका गावातून. दप्तरं, वह्या, तांदळाची पोती. सप्टेंबर २०२५ च्या सीनेच्या पुरात आमच्या परंडा तालुक्यातल्या या शाळेत गाळ शिरला, पुस्तकांचा लगदा झाला. पालकांचं सोयाबीन गेलेलं, त्यांच्याकडं मागायचं तरी कुठल्या तोंडानं?

सोबत आलेले आजोबा भिंतीवरची गाळाची रेघ बोटानं चाचपत म्हणाले, "सर, १९९३ ला भूकंपात घर पडलं, तवा माझ्या लेकराला पाटी अनोळखी माणसानंच दिली व्हती."

पाकिटात दहा-वीसच्या नोटा, घरोघर फिरून जमवलेल्या. पावसानं त्यांचंही नुकसान केलंच होतं की! मला बोलताच येईना.

तिसरीतली एक पोर नवी वही नाकाशी धरून बसली होती. हजेरीत नाव घेतलं, तरी तिला ऐकू गेलं नाही.