आरईएसपी, 'ईरामंदार' आणि अडकलेली ग्रँट

कॅनडात मुलांच्या कॉलेजसाठी आरईएसपी नावाच्या शिक्षण-बचत खात्यात पैसे टाका, सरकार वरून वीस टक्के घालतं, हे इथे आल्या दिवसापासून जो तो सांगतो. खरंच आहे ते. वर्षाला 2,500 डॉलर भरले की 500 डॉलर ग्रँट, एका मुलामागे सगळे मिळून 7,200 डॉलरपर्यंत. पण लोक पुढे जे जोडतात ना, "ग्रँट काय, आपोआप येते", त्यावर माझा आता काडीचाही विश्वास नाही. आपोआप फक्त आपल्या खात्यातून हप्ता जातो.

खातं उघडण्यात सांगण्यासारखं काही नाही. मुलीचा जन्म ऑन्टारियोतला. जन्मनोंदणी, जन्मदाखला आणि तिचा सिन नंबर (सोशल इन्शुरन्स नंबर, प्रत्येकाचा सरकारी ओळख क्रमांक), सगळ्याचा अर्ज घरबसल्या एकाच वेळी झाला होता. बँकेत गेलो, सह्या केल्या, घरी आलो. ईरा तेव्हा तीन वर्षांची होती, म्हणजे आधीची काही वर्षं कोरीच गेलेली. तरी त्या वर्षांची ग्रँट बुडत नाही, एका वेळी एक मागचं वर्ष भरून काढता येतं. म्हणून पहिल्या वर्षी आम्ही मागच्या वर्षाचे 2,500 आणि चालू वर्षाचे मासिक हप्ते असे मिळून 5,000 भरायचं ठरवलं, त्यावर 1,000 डॉलर ग्रँट मिळायला हवी होती.

'हवी होती' हेच ते.

स्टेटमेंटमध्ये तीन आकडे वेगवेगळे येतात: आपण भरलेले, सरकारची ग्रँट आणि गुंतवणुकीची वाढ. भरलेल्यांचा आकडा दर महिन्याला वाढत होता. ग्रँटपुढे 0.00. बँकेतल्या अ‍ॅडव्हायझरला विचारलं तर म्हणाला, सरकारकडून यायला वेळ लागतो. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ऐकत वाढलेल्या माणसांना हे पटायला कितीसा वेळ लागणार! प्रत्यक्षात बँक दर महिन्याला सरकारकडे यादी पाठवते आणि ग्रँट साधारण पुढच्या महिन्यात जमा होते. दोन-तीन स्टेटमेंटांत शून्यच दिसलं तर वेळ लागतोय हे उत्तर ऐकून घेऊ नका. विचारा, "तुम्ही पाठवलेल्या यादीला सरकारकडून काय उत्तर आलं?" हा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस पहिल्यांदा खुर्चीत नीट बसतो.

मला तो प्रश्न ठाऊक नव्हता, मग मी थेट या योजनेच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. ईराचा सिन नंबर दिल्यावर पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, विनंत्या आल्यात, पण लाभार्थीचं नाव सिनच्या नोंदीशी जुळत नाही, म्हणून ग्रँट नाकारली गेली आहे. प्रत्येक वेळी. म्हणजे बँकेला दर महिन्याला नकार कळत होता आणि मला दर महिन्याला धीर धरायला सांगितलं जात होतं!

शाखेत गेले तर आमचा अ‍ॅडव्हायझर बदली होऊन गेलेला. नव्या मुलीने मुलीचं सिन कार्ड मागितलं. ते प्लॅस्टिकचं कार्ड 2014 मध्येच बंद झालं, आता पत्र येतं. हे मी तिला समजावलं, तिने आत जाऊन कुणाला तरी विचारलं, मग पत्र चालेल म्हणाली. शेवटी तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. नावाच्या रकान्यात मोठ्या रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, एकसलग: ईरामंदार. ईरा माझी लेक, मंदार तिचा बाबा. आपल्याकडच्या रीतीने वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लावलेलं, जन्मदाखल्यावर दोन्ही नावं एकाच ओळीत, आणि खातं उघडणाऱ्याने ती ओळ गिळून टाकलेली. सिनच्या नोंदीत अशा नावाची मुलगीच नाही, तर सरकार पैसे देणार कुणाला?

तेव्हा मधलं नाव लावणाऱ्या तमाम मराठी आईबाबांनो, खातं उघडताना सिनचं पत्र समोर ठेवा आणि आडनाव, नाव, जन्मतारीख पत्रात आहे तश्शीच पडली आहे का, हे स्क्रीनवर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. छापील अर्जावर बरोबर असून भागत नाही. आमच्या अर्जावर बरोबरच होतं.

नाव दुरुस्तीचा फॉर्म हेड ऑफिसला गेला. तिथून तो परत आला कारण सही एकाचीच होती आणि खातं दोघांच्या नावावर. पुन्हा गेला. मधल्या काळात हप्ते जातच होते. महिना 208 डॉलर 33 सेंट, जे बाराने गुणल्यावर 2,500 ला चार सेंट कमी पडतात, आणि आमच्या मंदाररावांना ग्रँट न येण्यापेक्षा त्या चार सेंटांचंच दुःख जास्त.

नाव दुरुस्त झालं आणि पुढच्या महिन्यात ग्रँट आली. 41 डॉलर 67 सेंट. त्या एका हप्त्याची. मागच्यांचं काय? "ते सिस्टिम आपोआप उचलेल." पुन्हा आपोआप! नाही उचललं. नाकारलेल्या विनंत्या बँकेने नव्याने पाठवाव्या लागतात, आणि त्याला मुदत असते: पैसे भरल्यापासून तीन वर्षांच्या आत ग्रँट मागितली गेली पाहिजे. हे मला बँकेने नाही, हेल्पलाइनच्या बाईंनी सांगितलं. त्या दिवसापासून मी काउंटरवर गोड बोलणं सोडलं. प्रत्येक जमेची तारीख, रक्कम आणि त्यावर यायला हवी असलेली ग्रँट असा तक्ता केला, खाली मुदत संपण्याची तारीख ठळक केली आणि बँकेच्या तक्रार विभागाला लेखी पाठवला. तोंडी जे इतके महिने होत नव्हतं, ते कागद गेल्यावर झालं. सगळी मागची ग्रँट एकदम जमा झाली. मी ते स्टेटमेंट छापून फ्रिजवर लावलं होतं, खोटं कशाला बोलू.

इथल्या गणपतीत एक ओळखीचे काका ग्रुप प्लॅन (अनेक कुटुंबांचे पैसे एकत्र गुंतवणारी आरईएसपी) गळ्यात मारत होते, त्याबद्दल सांगायचं राहिलं. त्यातही ग्रँट तीच मिळते, जास्त नाही. पण सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा भाग नोंदणी शुल्कात जातो आणि मध्येच हप्ते थांबले तर ते शुल्क गेलंच. सही करून बसला असाल तर 60 दिवसांच्या आत रद्द करा, सगळे पैसे परत मिळतात.

पुण्याहून सासऱ्यांचा प्रश्न होता, हे सुकन्या समृद्धीसारखंच ना? तसं नाही. तिथे व्याज आणि करसवलत मिळते, सरकार तुमच्या पैशात भर घालत नाही. इथे भर घातली जाते, पण भरलेल्या रकमेवर करसवलत नाही. शिक्षण सुरू झाल्यावर ग्रँट आणि वाढ मुलाचं उत्पन्न धरली जाते. विद्यार्थ्याचं उत्पन्न ते केवढं, कर बहुधा लागतच नाही. आपण भरलेले पैसे करमुक्त परत येतात. नात भारतात शिकली तर? कॅनडाबाहेरचं विद्यापीठ चालतं, मात्र ग्रँटचा भाग काढताना मूल कॅनडाचं रहिवासी असावं लागतं. परत जायचा विचार असणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

मुलं मोठी असतील तर घाई करा. सोळा-सतराव्या वर्षी ग्रँट हवी असेल तर मूल ज्या साली पंधरा वर्षांचं होतं त्या सालाच्या अखेरीपर्यंत किमान 2,000 डॉलर भरलेले असावे लागतात, किंवा त्याआधीच्या कुठल्याही चार वर्षांत किमान शंभर-शंभर. वर्ष म्हणजे कॅलेंडरचं, 31 डिसेंबरपर्यंतचं.

उत्पन्न कमी असेल तर कॅनडा लर्निंग बाँड विचारा. त्यासाठी आपण एक डॉलरही भरावा लागत नाही, 2,000 डॉलरपर्यंत सरकारच टाकतं. आणि व्हँकुव्हरकडच्यांनो, ब्रिटिश कोलंबियाची वेगळी 1,200 डॉलरची ग्रँट आहे. ती मुलाच्या सहाव्या वाढदिवसापासून नवव्याच्या आदल्या दिवसापर्यंतच मागता येते. माझ्या मैत्रिणीच्या बँकेत ती द्यायची सोयच नव्हती, तिला त्यासाठी दुसरीकडे खातं उघडावं लागलं. आधी विचारून घ्या.