पोर्ट्रेट किटची प्रगती: आधी अंतर, मग ८५, बॉडी सगळ्यात शेवटी

पोर्ट्रेटसाठी लेन्स आणि बॉडी ठरवायचं काम बरंच पुढे सरकलंय, म्हणून इथवरचं सगळं एकदा लिहून काढतोय. सध्या हातात आहे निकॉन डी५३०० (लहान सेन्सरची, म्हणजे क्रॉप बॉडी), किटची १८-५५, ५५-२०० आणि ५० एफ/१.८जी. प्रश्न नेहमीचाच, ८५ मिमीची लेन्स घ्यायची की १०५ ची, की आधी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी आणि मग लेन्स. या वेळी रिव्ह्यू बाजूला ठेवले आणि आपलेच जुने फोटो उघडून बसलो. जे चेहरे मनापासून आवडले त्यांचं एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली कॅमेऱ्याची माहिती) बघितलं तर जवळपास सगळे ५० वर किंवा झूमच्या ७० ते १०० च्या पट्ट्यात काढलेले, म्हणजे क्रॉपचा १.५ धरला तर फुल फ्रेमवरचे साधारण ७५ ते १५०. पण फोकल लेंथपेक्षा एक्झिफमध्ये नसलेली गोष्ट जास्त महत्त्वाची निघाली, ती म्हणजे मी किती लांब उभा होतो.

चेहरा लेन्समुळे बदलत नाही, अंतरामुळे बदलतो, हे सगळेच म्हणतात, पण आकडे मांडून बघा म्हणजे पटतं. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत १२ सेमी धरा. कॅमेरा नाकापासून ६० सेमीवर असेल तर कान ७२ वर येतो, म्हणजे नाकाच्या मापाने कान ८३ टक्केच दिसतो, नाक पुढे आलेलं आणि कान मागे पळालेले. तोच कॅमेरा २ मीटरवर नेला की हा आकडा ९४ टक्क्यांवर जातो आणि चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो तसा येतो. तेव्हा पहिला निर्णय असा झाला की हेडशॉटला एक मीटरच्या आत जायचं नाही, आणि दीड ते अडीच मीटर ही माझी आवडती जागा. समोरच्याशी बोलता येतं, आवाज चढवावा लागत नाही, आणि तो माणूस कॅमेऱ्याला बुजत पण नाही.

आता या अंतरावर कुठली लेन्स काय देते ते बघू. डोकं-खांदे, म्हणजे उभ्या फ्रेममध्ये साधारण ६० सेमी उंची भरायची असेल तर डीएक्स (निकॉनच्या क्रॉप) बॉडीवर ५० ला १.३ मीटर लागतात आणि ८५ ला सव्वादोन मीटर. फुल फ्रेमवर ८५ ला दीड मीटर. इथपर्यंत सगळं चालतंय. पण पूर्ण उभा माणूस घ्यायचा, २ मीटरची फ्रेम, तर डीएक्सवर ८५ ला सव्वासात मीटर मागे जावं लागतं, आणि घरातल्या खोलीत एवढी जागा कुठून आणायची? फुल फ्रेमवर तेच काम पावणेपाच मीटरमध्ये होतं, डीएक्स आणि ५० वर सव्वाचार मध्ये. ज्यांना क्रॉप बॉडीवर ८५ 'फार टाइट' वाटते त्यांचं म्हणणं घरात शंभर टक्के खरं आहे आणि बाहेर मैदानात अजिबात खरं नाही, दोन्ही एकदम.

यानंतर बॅकग्राऊंडचा विषय, आणि मला सगळ्यात जास्त मजा इथेच आली. आपण एफ नंबर बघतो, पण लांबच्या बॅकग्राऊंडसाठी खरा आकडा आहे तो लेन्सच्या उघड्या भोकाचा व्यास, म्हणजे फोकल लेंथ भागिले एफ नंबर. ५० एफ/१.८ चा २८ मिमी. ८५ एफ/१.८ चा ४७. १०५ एफ/२.५ चा ४२, १३५ एफ/२ चा साडेसदुसष्ट, १०५ एफ/१.४ चा चक्क ७५. आणि हा नुसता हिशोबापुरता आकडा नाही, तो फोटोत दिसतो. खूप लांबच्या दिव्याचा जो गोल बनतो तो चेहऱ्याच्या मापाने बरोब्बर एवढाच असतो. चेहरा १५ सेमी रुंद धरला तर ८५ एफ/१.८ वर मागचा गोल चेहऱ्याच्या जवळजवळ एक तृतीयांश, आणि ५० वर एक पंचमांशाहूनही कमी. किट १८-५५ च्या ५५ ला एफ/५.६ वर हा आकडा १० मिमी आहे, तिच्यावर बॅकग्राऊंड का विरघळत नाही त्याचं उत्तर यातच आलं.

आता ५५-२०० घ्या. २०० ला एफ/५.६ म्हणजे ३६ मिमी, ५० एफ/१.८ पेक्षा जास्त! म्हणून दोन्ही लेन्स एकाच फ्रेमिंगला लावून बघितल्या, ५० एक मीटरवर आणि २०० चार मीटरवर, चेहरा दोन्हीकडे तेवढाच. मागे एक मीटरवर भिंत असेल तर ५० जिंकते आणि सहज जिंकते, कारण चेहऱ्याच्या मापाने ५० चा ब्लर १४ मिमी आणि २०० चा ७. मागची झाडं दहा मीटरवर गेली की दोघी सारख्याच, २५ च्या आसपास. त्याच्याही मागे क्षितिजापर्यंत मोकळं असेल तर साधी किट झूम पुढे जाते, शिवाय मागचा थोडासाच तुकडा फ्रेममध्ये येतो त्यामुळे गर्दी कमी. ज्यांच्याकडे आत्ता फक्त किट झूम आहे त्यांनी माणसाला मागच्या झाडीपासून लांब उभं करावं, स्वतः मागे जावं आणि २०० वर काढावं, प्राइम (एकाच फोकल लेंथची लेन्स) येईपर्यंत थांबायची गरजच नाही. (शटर तेवढा १/२५० च्या वर ठेवा, झूमचं व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) असलं तरी, समोरचा माणूस हलतोच.)

८५ एका मित्राकडून मागून आणली, जुनी एएफ ८५ एफ/१.८डी. छोटी, ३८० ग्रॅमची, अ‍ॅपर्चर रिंगवाली. ती डी५३०० वर ऑटोफोकस करत नाही हे माहीत असूनच आणली होती, कारण डी लेन्समध्ये मोटर नसते, बॉडीतली मोटर स्क्रूने फिरवते, आणि २००६ च्या डी४० पासून निकॉनच्या छोट्या बॉड्यांमधून ती मोटर गेली. डी९०, डी७०००, डी७१००, डी७२००, डी६१०, डी७५० या सगळ्यांत आहे. कॅननवाल्यांना ही डोकेदुखी नाही, तिथे १९८७ ला ईएफ माउंट आला तोच मुळी लेन्समध्ये मोटर घेऊन, त्यामुळे १९९२ ची ईएफ ८५ एफ/१.८ यूएसएम कुठल्याही ईओएस डीएसएलआरवर बिनधास्त चालते. मग मी मॅन्युअल फोकस केला, व्ह्यूफाइंडरमधल्या, फोकस लागला की पेटणाऱ्या हिरव्या ठिपक्यावर. ठिपका मदत करतो, पण वाइड ओपन (अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं) असताना एकट्या ठिपक्यावर भागत नाही, लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून डोळा बघावा लागतो. आणखी एक, आजच्या डीएसएलआरचे फोकसिंग स्क्रीन उजेडासाठी बनवलेले असतात, त्यात साधारण एफ/२.८ च्या पलीकडची डेप्थ (पुढून मागे किती भाग शार्प येतो ते) दिसतच नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये एफ/१.८ आणि एफ/२.८ सारखेच दिसतात, फोटोत मात्र फार वेगळे येतात.

डेप्थचा हिशोब फुल फ्रेमवर: ८५ एफ/१.८, दीड मीटरवर एकूण ३ सेमीच्या आसपास. सव्वा मीटरच्या आत गेलात तर २ सेमी. म्हणजे चेहरा जरा तिरका असला की जवळचा डोळा शार्प आणि लांबचा गेला. माझं मत स्पष्ट आहे, हेडशॉटला एफ/२.८ ते एफ/४ आणि एफ/१.८ ठेवायचा कमरेपर्यंतच्या किंवा उभ्या फोटोला, जिथे अंतर जास्त असतं आणि माणूस बॅकग्राऊंडपासून वेगळा काढायची गरज पण जास्त असते. शिवाय ८५ एफ/१.८ जातीच्या फास्ट लेन्सेसना वाइड ओपन रंगाची कड येते, फोकसच्या पुढे जांभळट आणि मागे हिरवट, दागिन्यांवर आणि पापण्यांवर पटकन दिसते. एफ/२.८ ला बरीचशी जाते.

बॉडीसाठी एका ओळखीतल्यांनी दोन दिल्या, डी७२०० आणि डी७५०. हातात घेतल्यावर पहिली गोष्ट व्ह्यूफाइंडर, डी५३०० मध्ये पेंटामिरर आणि ९५ टक्के फ्रेम, या दोघींत खरा पेंटाप्रिझम आणि १०० टक्के, मॅन्युअल फोकसला हा फरक लगेच कळतो. पण पोर्ट्रेटसाठी मला सगळ्यात मोठी वाटली ती फाइन ट्यूनची, म्हणजे ऑटोफोकस मेनूतून थोडा मागेपुढे सरकवायची सोय. डीएसएलआरमध्ये फोकस ठरवणारा सेन्सर आरशाखाली वेगळा बसवलेला असतो आणि फोटो घेणारा वेगळा, दोघांच्या अंतरात केसभर फरक असला तरी एफ/१.८ वर डोळ्याऐवजी कान शार्प येतो. एफ/८ वर हे कुणाला कळतही नाही. डी३००० आणि डी५००० मालिकेत ही सोय नाही, डी७२००, डी६१०, डी७५० मध्ये आहे. कॅननमध्ये ७०डी आणि ६डी ला आहे, ६०डी ला नाही, सेकंडहँड घेणाऱ्यांनी एवढं नक्की तपासा. मी केलं ते असं, कॅमेरा ट्रायपॉडवर, जेवढ्या अंतरावरून खरे फोटो काढतो तेवढ्याच अंतरावर सपाट लेबल आणि बाजूला तिरकी पट्टी, आधी लाइव्ह व्ह्यूने फोकस करून एक फोटो, मग फोकस रिंग मुद्दाम फिरवून व्ह्यूफाइंडरमधून परत फोकस करून पुढचे, आणि दोन्ही सारखे येईपर्यंत आकडा बदलत राहायचं. एकाच शॉटवर भरवसा ठेवू नका, फेज डिटेक्ट (व्ह्यूफाइंडरमधून होणारा ऑटोफोकस) दर वेळी थोडा इकडेतिकडे जातोच, बरेच शॉट काढून मधला कल बघायचा. डी५००, डी७५००, डी८५० वाल्यांना हे काम कॅमेराच लाइव्ह व्ह्यूशी ताडून करून देतो, नशीबवान आहात.

फोकस पॉइंटच्या बाबतीत मात्र क्रॉप बॉडी वरचढ निघाली. ५१ पॉइंट दोघींत आहेत, पण डी७२०० वर ते फ्रेमभर पसरलेले आणि डी७५० वर मध्ये गोळा झालेले, उभ्या फ्रेममध्ये साधारण निम्म्या उंचीतच. त्यात क्रॉस टाइप (आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारे, म्हणून जास्त भरवशाचे) १५ फक्त, तेही मधल्या भागात, आणि उभ्या फ्रेममध्ये डोळा नेमका कडेच्या पॉइंटवर येतो. मग सवयीने मधल्या पॉइंटवर फोकस करून फ्रेम हलवायची का? दीड मीटरवर ४ अंश हलवलं तर फोकस डोळ्याच्या मागे ४ मिमी जातो, त्याची काळजी नको. ८ अंश हलवलं तर जवळजवळ दीड सेमी, आणि ३ सेमी डेप्थमध्ये हाताशी असतात मागेपुढे दीड-दीड सेमीच. तेव्हा थोडं हलवलं तर चालतं, डोळा फ्रेमच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवायचा असेल तर कडेचा पॉइंटच वापरा किंवा सरळ एफ/२.८ करा. ६डी वाल्यांकडे ११ पॉइंट आणि फक्त मधला क्रॉस टाइप, त्यामुळे त्यांना हा हिशोब पाठच असायला हवा. तो मधला पॉइंट अंधारात मात्र जबरदस्त आहे, उणे ३ ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप) चालतो.

उन्हाचं पण बघून ठेवा. कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ/१.८ म्हणजे शटर लागतो १/८०००. डी७२०० देते, डी७५०, डी६१० आणि कॅनन ६डी १/४००० वर थांबतात. एक स्टॉपचा (दुप्पट उजेडाचा) प्रश्न आहे, एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर लावा नाहीतर माणसाला सावलीत घ्या, आणि खरं सांगायचं तर चेहऱ्यासाठी सावलीच चांगली.

एवढं सगळं करून ठरलंय ते असं. पहिली खरेदी एएफ-एस ८५ एफ/१.८जी. २०१२ ची लेन्स, ३५० ग्रॅम, ६७ मिमी फिल्टर, स्वतःची मोटर, म्हणजे आज डी५३०० वर ऑटोफोकस करेल आणि उद्या फुल फ्रेम आली तरी तीच चालेल. ८५ एफ/१.४जी पण वापरून बघितली, तिचा बोके (मागच्या ब्लरचा पोत) जास्त मऊ आहे यात शंकाच नाही, पण ५९५ ग्रॅम, आणि मी हेडशॉट एफ/२.८ ला काढणार असेन तर तो जास्तीचा उजेड माझ्या कामाचा नाही. ज्यांची बहुतेक कामं रात्रीची त्यांचं गणित वेगळं येईल. घरातल्या फोटोंसाठी ५० तशीच राहणार, क्रॉपवर ती ७५ सारखी वागते आणि छोट्या खोलीत तिच्याइतकी कामाची दुसरी लेन्स माझ्याकडे नाही.

बॉडी त्याच्यानंतर, आणि माझा कल सेकंडहँड डी७५० कडे आहे. ५० एफ/१.८ क्रॉपवर जे देते ते फुल फ्रेमच्या हिशोबात ७५ एफ/२.७, त्याच्या शेजारी फुल फ्रेमवरची ८५ एफ/१.८ ठेवली की एका स्टॉपहून जास्त फरक पडतो आणि उभ्या माणसाच्या फोटोत तो स्वच्छ दिसतो. डी७२०० चे पसरलेले पॉइंट आणि १/८००० मनात आहेतच, मुलांमागे धावत फोटो काढणाऱ्यांना मी तीच सुचवेन. माझी माणसं एका जागी बसतात.

पुढचं काम जुन्या १०५ एफ/२.५ एआय-एसचं. १९८४ मध्ये स्टीव्ह मॅकरी यांनी काढलेला त्या अफगाण मुलीचा प्रसिद्ध फोटो याच लेन्सवरचा. एक कॉपी बघायला मिळणार आहे. डी७५० किंवा डी७२०० वर नॉन-सीपीयू (चिप नसलेल्या) लेन्सचा डेटा मेनूत भरला की मीटरिंग मिळतं, डी५३०० वर मिळत नाही, आणि डी७५०० मधून तर निकॉनने ती अ‍ॅपर्चर ओळखणारी पट्टीच काढून टाकली, त्यामुळे जुन्या लेन्सेसचा नाद असेल तर ती बॉडी घेताना विचार करा. कुणाकडे १०५ एफ/२ डीसी (ब्लर मऊ करायची वेगळी रिंग असलेली लेन्स) असेल तर डीसी रिंग 'आर' कडे एफ/२.८ ला ठेवून काढलेला एखादा साधा चेहऱ्याचा फोटो दाखवा ना, मागच्या पानांचा ब्लर न्यूट्रलपेक्षा किती मऊ होतो ते ८५जी च्या शेजारी ठेवून बघायचंय.