खरी जीटीओ आहे का?

पेट्रोल भरताना, सिग्नलला काच खाली करून, मंडळाच्या गणपतीला पार्किंगमध्ये, सगळीकडे मला हेच विचारतात: "खरी जीटीओ आहे का हो ही?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. नाही. जीटीओ म्हणजे पॉन्टियाक या अमेरिकन कंपनीची नावाजलेली दमदार गाडी. ही तिची साधी बहीण, १९६५ची पॉन्टियाक लमाँ.

घेतली तेव्हा तिच्यावर जीटीओचे बिल्ले होते. बॉनेटवर हवेच्या झडपेचा उंचवटा, आत ३८९ घन इंचांचं व्ही-८ इंजिन. विकणाऱ्यानं जीटीओचे पैसे मागितले, मी दिले.

मुळात जीटीओ १९६४ साली आली ती वेगळी गाडी म्हणून नव्हे. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा पॉन्टियाकची मालक कंपनी जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टियाकचे इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. नवं मॉडेल न काढता त्यांनी लमाँच्या ऑर्डरमध्ये २९५ डॉलरचा एक ऑप्शन ठेवला: मोठं इंजिन, कडक स्प्रिंगा, दुहेरी एक्झॉस्ट. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मसल कारचा, म्हणजे मध्यम गाडीत मोठं इंजिन घातलेल्या वेगवान गाड्यांचा, काळ बरेच जण तिथूनच मोजतात.

घोळ त्यातूनच होतो. '६५च्या जीटीओचा चेसिस नंबर लमाँसारखाच २३७नं सुरू होतो. '६६ला जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली, तेव्हा कुठे २४२ आला. म्हणजे '६५ची गाडी नंबरावरून ओळखू येत नाही. बिल्ले विकत मिळतात. पॉन्टियाकची ३२६ आणि ३८९ इंजिनं बाहेरून सारखीच, एकाच्या जागी दुसरं सहज बसतं. उरतो कागद. पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. नंबर कळवून पैसे भरले की आपल्या गाडीची प्रत येते. माझी आली तेव्हा दारांवर भरलेली जुनी लांबी (पुट्टी) खरवडून मी पत्र्यापर्यंत पोचलो होतो. कागदावर इंजिन ३२६. जीटीओ ऑप्शनची नोंदच नाही.

मित्र म्हणाले, बोलू नकोस. कारखान्यातही फरक चार सुट्या भागांचाच होता ना? हे पटण्यासारखं होतं, आणि मी त्यावर कितीतरी रात्री गॅरेजमध्ये बसून विचार केला. पण १९६५ साली कुणीतरी शोरूममध्ये जाऊन हीच गाडी, अशीच मागवली होती. तिचा तो जन्म पुसून मी तिला दुसरीचं नाव कसं देऊ? आणि माझ्यानंतर जो घेईल तो माझ्या शब्दावर पैसे मोजेल.

मग बिल्ले काढले. सपाट बॉनेट मिळवलं. ३२६ शोधायला वर्ष गेलं. २५० अश्वशक्तीचं, जीटीओच्या ३३५पुढे शांत, पण आवाज फार गोड. फक्त ब्रेकच्या बाबतीत मी मूळ वस्तूचा हट्ट धरला नाही. त्या काळी चारही चाकांना ड्रम आणि तेलाचा एकच मार्ग. कुठेही गळती लागली की पेडल सरळ तळाला. मी दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवला. मुलगी शेजारी बसते.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला ही हमखास असते. कारखान्याच्या नोंदीची प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात असते, मागे मी बदललेल्या वस्तूंची यादी. ब्रेक पहिल्या ओळीवर आहे.