दर कमी आहे, पण पैसे कोणाच्या खात्यात पडतायत?

आंब्याचा सीझन जवळ आला की मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "अरे हा ऑनलाईन पेमेंट कंपनीचा फोनवाला क्रेडिट कार्डाला १.१ टक्का म्हणतोय, आपण दोन टक्के कशाला भरतोय, घेऊ काय याच्याकडनं?" विचारणारे कधी देवगडचे बागायतदार काका असतात, कधी गुहागरला होमस्टे चालवणारी वहिनी, कधी मालवणला बोटिंगचं बुकिंग घेणारा मित्र. मी या लोकांच्या वेबसाईटची कामं करतो त्यामुळे फोन माझ्याकडेच येतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी टक्क्यात नक्की वाचतात किती ते कागदावर मांडा. समजा सीझनला क्रेडिट कार्डावर ५ लाखांची विक्री झाली. २ टक्क्याने १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,८००, झाले ११,८००. १.१ टक्क्याने ५,५०० आणि जीएसटी ९९०, झाले ६,४९०. म्हणजे वाचले ५,३१० रुपये. तेही कार्डापुरतेच, कारण यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापला जाणारा हा टक्का, शून्य आहे आणि आपलं बरंचसं गिऱ्हाईक यूपीआयनेच देतं. आता त्याच स्वस्तवाल्याच्या ॲग्रीमेंटमध्ये आत कुठेतरी "१० टक्के रिझर्व्ह, १८० दिवस" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल, म्हणजे तेवढे पैसे तेवढे दिवस ते स्वतःकडे राखून ठेवणार, तर ५ लाखातले ५०,००० दिवाळीपर्यंत अडकले. इकडे मे महिन्यात खोकेवाला, कुरियरवाला, तोडणीचे गडी, बागेत राखणीला ठेवलेले गुरखे, सगळ्यांना पैसे त्याच आठवड्यात लागतात, ते कोण थांबणार आहेत?

वाशीच्या मार्केटला माल पाठवणाऱ्या माणसाला हे खरं तर सांगायला लागू नये. तिथे आपण दलाल निवडताना त्याची टक्केवारी एकदाच विचारतो, नंतर वर्षानुवर्षं बघत राहतो ते हे की पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशोब, कधी येते आणि पट्टीत हमाली, तोलाई, वाहतूक म्हणून काय काय कापलंय. पेमेंटवाल्यालाही हाच हिशोब लावायचा.

आता विश्वास कसा ठरवायचा. गिऱ्हाईकाचे पैसे आधी स्वतःकडे जमा करून मग आपल्याला देणारी जी कंपनी असते तिला पेमेंट ॲग्रीगेटर म्हणतात, आणि बँक सोडून दुसऱ्या कोणाला हा धंदा करायचा तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. १७ मार्च २०२० ला आरबीआयने यासाठी नियम काढले, पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सगळं एकत्र करून नवीन मास्टर डायरेक्शन आलं. कंपनीची नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाता उरणारी स्वतःची पुंजी, अर्ज करतानाच १५ कोटी पाहिजे आणि परवानगी मिळाल्यावर तिसऱ्या आर्थिक वर्षाअखेर २५ कोटी. गिऱ्हाईकांचे पैसे शेड्युल्ड कमर्शियल बँकेतल्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे दुसऱ्याचे पैसे वेगळे सांभाळायच्या खात्यात, ठेवायचे, स्वतःच्या धंद्याच्या पैशात मिसळायचे नाहीत. ही एस्क्रोची अट आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, कारण आपले पैसे मधले दोन-तीन दिवस कुठे असतात याचं उत्तर तिच्यात आहे.

कोणाला परवानगी आहे त्याची यादी आरबीआयच्या वेबसाईटवर फुकट बघता येते. फक्त शोधताना ब्रँडचं नाव टाकू नका, ॲग्रीमेंटवर जे कंपनीचं नाव आहे, प्रायव्हेट लिमिटेड वगैरेसकट, ते शोधा. आणि यादीत नाव सापडलं म्हणून लगेच खूश होऊ नका, नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघा, कारण परवानगी मिळालेले वेगळे, अर्ज विचाराधीन असलेले वेगळे आणि अर्ज परत पाठवलेले किंवा मागे घेतलेले पण त्याच पानावर असतात.

इथेच बरेच स्वस्तवाले एक वाक्य टाकतात, "सर आम्ही फक्त टेक्नॉलॉजी देतो, आम्हाला लायसन्स लागत नाही." हे खोटं नाही. फक्त टेक्नॉलॉजी देणाऱ्या गेटवेला परवानगी लागत नाही, पण मग पैसेसुद्धा त्याच्या हातात यायला नकोत. म्हणून पुढचा प्रश्न लगेच विचारायचा, मग पैसे कोणाच्या खात्यात पडतात, ॲग्रीगेटर कोण, एस्क्रो कुठल्या बँकेत, आणि माझं ॲग्रीमेंट त्या ॲग्रीगेटरबरोबर आहे की फक्त तुमच्याबरोबर. याचं उत्तर ईमेलवर मागा. चांगला माणूस अर्ध्या तासात लिहून पाठवतो. जो "सर कॉलवर समजावतो" असं तीनदा म्हणतो त्याला माझ्याकडून तरी नमस्कार.

दर एवढा कमी कसा, हे पण विचारायलाच पाहिजे. आपण जो टक्का देतो त्यातला मोठा वाटा गिऱ्हाईकाला कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, काही व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्कला जातो, आणि उरलेल्यात ॲग्रीगेटर आपला खर्च आणि नफा बसवतो. त्यामुळे कोणी अर्धा टक्का म्हणाला तर बाकीचे पैसे तो दुसरीकडून काढणार हे नक्की. कधी वार्षिक मेंटेनन्स असतो, कधी प्रत्येक व्यवहारावर प्लॅटफॉर्म फी, कधी तो दर फक्त डेबिट कार्डाचा असतो आणि क्रेडिट, कॉर्पोरेट, ईएमआय, परदेशी कार्ड यांचे दर दुसऱ्या पानावर असतात. दुबईतला मुलगा पुण्यात आईवडिलांना पेटी पाठवतो, ती ऑर्डर परदेशी कार्डाची, तिथे दर सरळ जास्त लागतो. वर परदेशी कार्डाला आपल्यासारखा ओटीपी लागेलच असं नाही, त्यामुळे चोरीचं कार्ड वापरलं जायचा आणि पैसे परत मागितले जायचा धोकाही तिथेच जास्त.

आणि आपल्या आंब्याच्या धंद्याची एक खास अडचण आहे जी पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या सल्ल्यात कुठे सापडत नाही. आपलं खातं नऊ-दहा महिने जवळजवळ झोपलेलं असतं आणि एप्रिलमध्ये एकदम लाखाच्या घरात पैसे यायला लागतात. कंपनीच्या कॉम्प्युटरला हे संशयास्पदच दिसणार. त्यात आपण फेब्रुवारीत ॲडव्हान्स बुकिंग घेतो आणि माल एप्रिलअखेर पाठवतो, म्हणजे पैसे आधी, वस्तू नंतर, हा प्रकार त्यांना धोक्याचाच वाटतो. त्यामुळे ऐन सीझनला सेटलमेंट, म्हणजे आपल्या बँकेत पैसे टाकणं, थांबवून "डॉक्युमेंट पाठवा" असा मेल येऊ शकतो, आणि हे चांगल्या कंपनीतही होतं. फरक एवढाच की चांगल्या कंपनीत मेलला उत्तर देणारा माणूस असतो. ओळखीच्या एका होमस्टेवाल्यांचे नाताळच्या गर्दीतले पैसे असेच अडकले, कस्टमर केअरला फक्त चॅट, चॅटवर फक्त मशीन, पैसे मिळाले पण तोपर्यंत त्यांनी वाण्याचं, गाडीवाल्याचं सगळं उसनवारीवर भागवलं होतं. त्यामुळे मी सगळ्यांना सांगतो, खातं उघडतानाच लेखी कळवून टाका की आमचा धंदा सीझनल आहे, अमुक महिन्यात अंदाजे अमुक रक्कम येईल, बुकिंग आणि डिलिव्हरीत एवढं अंतर असेल. त्यावर ते काय उत्तर देतात यावरूनच कंपनी कळते.

चार्जबॅकचं पण आत्ताच बघून ठेवा. गिऱ्हाईक बँकेला म्हणालं की आंबे सडके निघाले किंवा पेटी आलीच नाही, तर बँक पैसे मागे घेऊ शकते, आणि पुरावा आपल्याला द्यायला लागतो, तोही ठराविक मुदतीत. कुरियरची पावती, डिलिव्हरीची सही, पेटी भरतानाचा फोटो, फळ खराब निघालं तर किती तासात कळवायचं ती अट ऑर्डरच्या वेळीच दाखवलेली, हे सगळं जपून ठेवा. कंपनीला विचारा की चार्जबॅक आला तर मुदत किती, फी किती, आणि केस जिंकलो तर ती फी परत मिळते का. गिऱ्हाईकाच्या कार्ड स्टेटमेंटवर नाव कुठलं येणार हेही विचारा, कारण "हापूस" शोधणाऱ्या माणसाला तिथे भलतंच नाव दिसलं की तो पहिल्यांदा बँकेलाच फोन करतो.

काही गोष्टींवर मात्र विचारच करू नका. ॲक्टिव्हेशन फी कोणाच्या तरी पर्सनल यूपीआयवर मागतात, स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतात, ओटीपी विचारतात, पॅन आणि बँकेचा पुरावा न मागताच "आजच चालू करून देतो" म्हणतात, असं काही झालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला कळवा. केवायसीला कागद जास्त मागतात म्हणून लोक वैतागतात पण जो काहीच विचारत नाही तो उद्या चोरालाही तसंच खातं देणार आणि मग त्याच्या सगळ्या खात्यांवर टाच येते, त्यात आपलंही. आणि होमस्टेवाल्यांनी फोनवर कार्ड नंबर घेऊन वहीत लिहायची जुनी सवय पूर्ण बंद करा, १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराने गिऱ्हाईकाचा कार्ड नंबर साठवून ठेवणंच बंद झालंय, पेमेंट लिंक पाठवा, विषय संपला.

सगळं पटलं तरी मोठी ऑर्डर घ्यायच्या आधी एखाद्या नातेवाईकाला खरोखरची एक डझनाची ऑर्डर कार्डाने द्यायला सांगा. पैसे कधी आले, किती कापून आले ते बघा, आणि दुसऱ्या एका छोट्या ऑर्डरचा रिफंड करून बघा, तो मूळ कार्डावरच परत जायला पाहिजे. वेबसाईटवर तक्रारीसाठी नोडल ऑफिसरचं नाव आणि संपर्क असणं नियमातच आहे, तो नंबर एकदा लावून बघा, कोणी उचलतंय का.

आणि हे जानेवारीतच उरकून घ्या. खातं उघडताना वेबसाईटवर पत्ता, रिफंडची अट, डिलिव्हरीची अट हे सगळं नसेल तर अर्ज परत येतो, एक-दोन फेऱ्या होतात. मार्चच्या शेवटी धावपळ करणारा माणूस जो पहिला "हो" म्हणेल त्याच्याकडे जातो, आणि १.१ टक्केवाले फोन बरोबर तेव्हाच जास्त येतात.